यूपीएस, नट आणि कपॅसिटरवाली एसएसडी: एक पावसाळा, एक उन्हाळा वापरून

आमच्या हिशेबाच्या ऑफिसात एकच डेबियन (लिनक्स) सर्व्हर आहे. पोस्टग्रेस डेटाबेस त्याच्यावर, सगळ्यांच्या फाइल्सही त्याच्यावर. वीज कधीही जाते, म्हणून लाइन-इंटरॅक्टिव्ह (कमी-जास्त व्होल्टेज सावरणारा) यूपीएस घेतला, त्याची यूएसबी केबल सर्व्हरला जोडून नेटवर्क यूपीएस टूल्स, म्हणजे नट, हे यूपीएसवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर बसवलं. डेटासाठी पॉवर लॉस प्रोटेक्शन (वीज गेल्यावर क्षणभर पुरवठा करणारे कपॅसिटर) असलेल्या दोन एसएसडी झेडएफएस या फाइल सिस्टीमच्या मिररमध्ये (दोन्हींवर तोच डेटा) लावल्या.

नटवर मी मनापासून खूश आहे. मात्र त्याच्या मूळ सेटिंगवर राहू नका. यूपीएस ‘बॅटरी संपत आली’ असं सांगेल तेव्हाच ते सर्व्हर बंद करायला घेतं, आणि स्वस्त यूपीएसकडून हा इशारा फार उशिरा येतो. बॅटरी जुनी झाली की तर भरवसाच नाही: असे यूपीएस व्होल्टेजवरून अंदाज बांधून १०० टक्के दाखवतात आणि लोड आला की मिनिटांत बसतात. म्हणून मी टायमर लावलाय. वीज जाऊन तीन मिनिटं झाली की पोस्टग्रेस थांबतो, पूल (झेडएफएसचा डिस्कसंच) अनमाउंट होतो, मशीन बंद.

खरी परीक्षा वीज परत येताना असते. मशीन बंद होत असतानाच वीज आली, तर सर्व्हरच्या दृष्टीने ती कधी गेलेलीच नसते. मग बायोसमध्ये ‘वीज आल्यावर चालू हो’ असं सेटिंग असूनही तो तसाच पडून राहतो. यावर नटकडे उपाय आहे. शेवटच्या क्षणी ते यूपीएसलाच आउटपुट तोडून पुन्हा सुरू करायला सांगतं. सगळे यूपीएस ही आज्ञा पाळत नाहीत, त्यामुळे खरेदीनंतर लगेच, कामाची वेळ संपल्यावर, हे करून बघाच.

एसएसडीचं मोल वेगळंच. सर्व्हरचा पॉवर सप्लाय उडाला किंवा कुणाच्या पायात वायर अडकली, तर यूपीएस काय करणार? साधी एसएसडी लिहायचा डेटा काही काळ स्वतःच्या रॅममध्ये ठेवते. कपॅसिटर असले की वीज गेल्यावरही तेवढा डेटा फ्लॅशवर उतरतो. म्हणूनच फ्लशला (‘डेटा पक्का लिही’ या आज्ञेला) अशी एसएसडी लगेच होकार देऊ शकते आणि पोस्टग्रेसचे कमिटही (व्यवहार पक्के करणं) झपाट्याने होतात. झेडएफएस चालू ब्लॉकवर पुन्हा लिहीत नाही, त्यामुळे पूल सुसंगत राहतो. पण ज्या प्रोग्रामने एफसिंक (डेटा डिस्कवर उतरवायची मागणी) केलं नाही त्याचं शेवटच्या पाचेक सेकंदांचं लिखाण जाऊ शकतं. ईएक्सटी४ या लिनक्सच्या दुसऱ्या फाइल सिस्टीमचं जर्नलही (बदलांची नोंदवही) नेहमीच्या सेटिंगमध्ये फक्त मेटाडेटा (फाइलबद्दलची माहिती) सांभाळतं, फाइलमधला मजकूर नाही.

उन्हाळ्यात लेड-ॲसिड बॅटरी लवकर थकते, तेव्हा यूपीएस खिडकीपासून लांब ठेवा. पैसे कमी असतील तर यूपीएस लहान घ्या, पण एसएसडीत काटकसर नको. कपॅसिटरवाल्या, मदरबोर्डवर थेट बसणाऱ्या एम.२ एसएसडी बऱ्याचदा ११० मिलिमीटर लांब असतात आणि साध्या मदरबोर्डवर ८० मिलिमीटरचीच जागा असते. नसेल बसत, तर केबलने जोडायची २.५ इंची साटा एसएसडी घ्या.