जुना आयशर २४१: मृगापासून उन्हाळ्यापर्यंत वापरून झाल्यावर

संत्र्याची बाग, थोडी पऱ्हाटी (कापूस) आणि तूर एवढाच पसारा असेल, तर नव्वदच्या दशकातला एक सिलिंडरचा आयशर २४१ ट्रॅक्टर आजही घेण्यासारखा आहे. आम्ही तो गेल्या मृगाच्या आधी घेतला. खरीप गेला, रब्बी गेली, आता वरुडकडचं ऊन्ह भरात आहे. ट्रॅक्टर बहुतेक वेळा मीच चालवते, त्यामुळे गिअरपासून ग्रीसपर्यंत जे हाताला लागलं तेच लिहिते आहे.

आधी इंजिनाबद्दल, कारण या ट्रॅक्टरची सगळी गंमत तिथेच आहे. आयशरचे ट्रॅक्टर जर्मन आयशरच्या सहकार्याने १९५९ पासून फरिदाबादला बनू लागले. पुढे २००५ मध्ये हा व्यवसाय टॅफे या दुसऱ्या ट्रॅक्टर कंपनीकडे गेला. हवेने थंड होणारं इंजिन ही या घराण्याची जुनी ओळख. २४१ ला सिलिंडर एकच, पण चांगला १५५७ सीसीचा, आणि ताकद २५ एचपीच्या आसपास. रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, होज पाइप नाही. सिलिंडरच्या बाहेरून पातळ फिन (धातूच्या पट्ट्या) आहेत आणि ब्लोअर त्यांवरून हवा मारतो.

आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो, म्हणून प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो की पाण्याशिवाय हे तापत कसं नाही. चालू इंजिनाचे फिन शंभर अंशांच्या बरेच वर तापलेले असतात. त्यांच्या मानाने बाहेरची हवा ३५ ची असो की ४५ ची, फरक थोडाच पडतो. खरा फरक पडतो हवेची वाट बुजली तर. कुठे तरी तेल झिरपतं, त्यावर धूळ बसते, मग तुरीचं कुटार (भुसा) चिकटतं आणि फिनच्या फटींमध्ये त्याचा लेप तयार होतो. बाहेरून पाहिलं तर काही दिसत नाही. त्यामुळे मळणीच्या दिवसांत मी रोज संध्याकाळी, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, ब्रश आणि टायरवाल्याच्या हवेच्या पाइपने फिन साफ करते. तेल झिरपत असेल तर ते आधी बंद करायचं, नुसतं पुसून भागत नाही. जड काम झाल्यावर इंजिन लगेच बंदही करू नका. दोन-चार मिनिटं हळू चालू ठेवलं की ब्लोअर सगळीकडची उष्णता सारखी ओढून नेतो. आणि इंजिन ऑइलची पातळी रोज पाहा, कारण या इंजिनात थंड करण्याचं बरंच काम तेलही करतं.

एअर क्लीनर तेलाच्या वाटीचा आहे. आत येणारी हवा तेलावर आपटते, धूळ तेलात बसते, उरलेली वरच्या जाळीत अडकते. फार साधी आणि फार हुशार रचना. वाटीच्या तळाशी चिखल साठला की तेल बदलायचं आणि खुणेपर्यंतच भरायचं. जास्त भरलं तर इंजिन तेच तेल ओढून घेतं, मग रेस आपोआप वाढू शकते आणि आवरत नाही. नव्या चालकाला ही गोष्ट पहिल्याच दिवशी शिकवावी.

बागेत हा ट्रॅक्टर मला सर्वांत जास्त आवडतो. आमची झाडं ६ बाय ६ मीटरवर आहेत आणि वाढलेल्या झाडांचा घेर धरला तर मध्ये उरणारी जागा फार नसते. मोठा ट्रॅक्टर फांद्या मोडत जातो, खोडाला घासतो. खोडाला जखम झाली की डिंक्याला (खोडातून डिंक गळण्याच्या रोगाला) दार उघडं मिळतं, हे संत्रावाल्यांना सांगायला नको. २४१ त्या ओळींतून सरळ निघतो. पंजी (ट्रॅक्टरमागचं कल्टिव्हेटर) मात्र उथळ धरावी लागते. संत्र्याची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या फूटभर मातीतच असतात. लिफ्टचा हात थोडा वर ठेवून चाललं की तण निघतं आणि मुळं तुटत नाहीत. अशा कामाला तासाला अडीच-तीन लिटर डिझेल लागतं. फवारणीच्या पंपाला त्याहून कमी.

एका सिलिंडरचा जोर वेगळा कळतो. जड फ्लायव्हील आणि मोठा पिस्टन असल्यामुळे कमी रेसवरही तो ओढत राहतो, दम तोडत नाही. दोन धुरे (बांध) ओलांडून मागच्या वावरात काम चालू असलं तरी सासूबाईंना घरात बसून कळतं की गाडी ओझ्याखाली आहे की रिकामी. तो ठोका ऐकत काम करायला मला मनापासून आवडतं. याच ठोक्यामुळे नट-बोल्ट ढिले होतात, म्हणून फेंडर, सायलेन्सर आणि बॅटरीची पट्टी आठवड्यातून एकदा आवळावी.

क्लच जड आहे. पॉवर स्टिअरिंग नाही. ओळीच्या शेवटी वळताना खांदे भरून येतात. सीट पुढे घेतली आणि पुढच्या चाकांत हवा बरोबर ठेवली तर बराच फरक पडतो. बायकांनी चालवू नये असं यात काहीही नाही, फक्त पहिले काही दिवस अंग दुखतं.

काळ्या ओल्या जमिनीत याला घालू नका. मागच्या चाकांत पाणी भरलं तर पकड वाढते, पण ओलीत तेच वजन माती दाबून टाकतं आणि पऱ्हाटीची मुळं तिथेच अडतात. खोल नांगरणीसाठी आम्ही मोठा ट्रॅक्टर भाड्याने आणतो, त्यात कमीपणा नाही. डवरणी (पिकाच्या ओळींमधली कोळपणी) अजून बैलांचीच.

एक गोष्ट जिवाची. जुन्या ट्रॅक्टरला उलटण्यापासून वाचवणारी लोखंडी चौकट नसते. रुतलेलं काही ओढायचं असेल तर साखळी खालच्या ड्रॉबारलाच (मागच्या ओढायच्या पट्टीलाच) लावा. वर कुठे बांधली तर पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर मागे पलटतो. पीटीओच्या (इंजिनाची ताकद मागच्या अवजाराला देणाऱ्या) फिरत्या शाफ्टवर झाकण हवंच, आणि पदर, ओढणी, दुपट्टा आवरलेला हवा.

दुरुस्तीच्या बाबतीत मात्र हा ट्रॅक्टर फार दयाळू आहे. एक पिस्टन, एक बॅरल, एक नोझल, दोन व्हॉल्व. आमच्या मिस्त्रीकाकांनी हिवाळ्यात अंगणातच हेड आणि बॅरल उतरवून रिंगा बदलल्या, ट्रॅक्टर मधून वेगळा करावा लागला नाही. मी शेजारी उभी राहून सगळं पाहिलं आणि डिझेल लाइनमधली हवा काढायला तेव्हाच शिकले. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून, हाताच्या पंपाने बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल येऊ द्यायचं, मग आवळायचं. सुटे भाग अमरावतीत मिळतात, तिथे नसले तर नागपूरला.

घेताना इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहा. विकणारा आधीच गरम करून ठेवत असेल तर परत दुसऱ्या दिवशी सकाळी जा. निळा धूर किती वेळ राहतो ते बघा. चेसिस आणि इंजिनचे नंबर आरसीशी स्वतः जुळवा, रंगाखाली दबले असतील तर रंग खरवडून. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची नोंदणी नूतनीकरण केलेली आहे का, बँकेचा बोजा उतरला आहे का, हे पैसे देण्याआधी पाहायचं. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.

नवा रंग मारून घ्या असं पुष्कळ लोक सांगतात. आम्ही मारलेला नाही. बॉनेटवरचा मूळ रंग उन्हाने फिका झाला आहे, पण तो कारखान्यातला आहे आणि मला तसाच हवा आहे. गंज आला तिथे घासून प्राइमर लावला, बाकी हात लावला नाही. आता शोध चालू आहे तो २४१ च्या मूळ मॅन्युअलचा. छायाप्रत चालेल, पण व्हॉल्वच्या फटीची मापं असलेली पानं नीट वाचता आली पाहिजेत. कुणाच्या घरी जुन्या पेटीत पडलं असेल तर जरूर सांगा.