जळगावातलं पाळणाघर: लेकीला सोडू लागल्याला आठ महिने झाले, त्याचा अनुभव

लेक पावणेदोन वर्षांची होती तेव्हा, गेल्या जूनमध्ये, आम्ही तिला जळगावातल्या एका घरगुती पाळणाघरात सोडायला लागलो. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा, महिन्याला ३,५०० रुपये, १६ मुलं आणि सांभाळायला तीन ताया. नवरा भुसावळला अप-डाऊन करतो. सासूबाई अमळनेरकडच्या गावी, शेती सोडून कायमच्या येऊ शकत नाहीत. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीमुळे बाळंतपणाची रजा २६ आठवडे मिळाली, पण पाळणाघराची सोय ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणीच बंधनकारक आहे आणि आमच्या ऑफिसात आम्ही अठरा जण. रजेनंतर वर्षभराहून जास्त आई आणि सासूबाईंनी आळीपाळीने सांभाळलं. त्यापुढे दोघींनाही जमेना.

पाळणाघर बघायला आम्ही मुद्दाम मे महिन्यात, भर दुपारी दोन वाजता गेलो. खान्देशात लेकरू ठेवायचं तर ही वेळ बघितल्याशिवाय ठरवू नये. बाहेर पारा चव्वेचाळीसवर होता. कूलरमध्ये पाणी कोण भरतं, त्याच्या वायरला मुलांचा हात पोचतो का, लाईट गेली तर इन्व्हर्टरवर किती पंखे चालतात, सगळं विचारलं. त्याआधी एका ठिकाणी मुलं पत्र्याखाली घामाघूम झोपलेली दिसली होती. तिथून फी न विचारताच परत फिरलो.

आमची लेक जन्मल्यापासून झोळीत झोपायची. इथे सगळी मुलं खाली गादीवर झोपतात हे कळलं तसं महिनाभर आधीच दुपारची झोळी सोडली. पहिले पाच-सहा दिवस खूप रडली. मग आजीच्या जुन्या लुगड्याची गोधडी अंगाखाली घातली की हळूहळू पडायला लागली. या एका तयारीचा जेवढा उपयोग झाला तेवढा कशाचाच नाही. गोधडी तिच्यासोबत पाळणाघरात गेली. एका रविवारी मी ती पावडरीत घालून स्वच्छ धुतली. सोमवारी ताईंनी सांगितलं, बाईसाहेबांनी गोधडी नाकाशी नेली, बाजूला ढकलली आणि दुपारभर झोपल्याच नाहीत. आता ती फार मळल्याशिवाय धूत नाही, आणि धुतली की एक रात्र माझ्या उशाशी ठेवते.

दुसरी कामाची गोष्ट म्हणजे शब्दांचं पान. सासूबाई घरात अहिराणी बोलतात. ‘आठे ये व माय’ म्हटलं की लेक धावत येते, ‘इकडे ये’ म्हटलं तर नुसती बघत राहते. पाण्याला ती ‘भू’ म्हणते, शी लागली की कोपऱ्यात जाऊन पडदा धरते. असे पंधराएक शब्द आणि खुणा मी लिहून दिल्या. ताईंनी ते पान फ्रिजला चिकटवलं. तिसऱ्या दिवशी धाकट्या ताई मांडी घालून बसल्या, ‘आठे ये’ म्हणाल्या, आणि लेक जाऊन त्यांच्या मांडीत बसली. मी दारातच उभी होते. त्या दिवशी पहिल्यांदा मला धीर आला.

पहिला आठवडा मी रजा घेतली होती. दोन दिवस तासभर तिच्याजवळ बसले, मग अर्धा तास बाहेर ओट्यावर, मग जेवणापर्यंत सोडून परत आणलं. हे छान चाललं होतं. चूक दुसऱ्या आठवड्यात झाली. सकाळची गर्दी होती, एक ताई म्हणाल्या, ‘खेळतेय तोवर निघा, बघितलं की रडेल.’ मी मागच्या दाराने निघाले. त्या संध्याकाळपासून लेक मला सोडेना. गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले तरी पायाला मिठी, रात्री दोनदा दचकून उठून हात चाचपायची. हे दहा दिवस चाललं. साधारण आठ-नऊ महिन्यांपासून आई दिसेनाशी झाली की मुलांना धास्ती वाटते, आणि दीड वर्षाच्या आगेमागे ती सगळ्यांत जोरात असते. आमची लेक नेमकी त्याच वयात, आणि मी न सांगता गायब झाले. तेव्हापासून कितीही उशीर झाला तरी तिच्या डोळ्यांत बघून सांगते, ‘आई ऑफिसला चालली, दूध पिऊन झालं की येते.’ तिला घड्याळ कळत नाही, पण पाच वाजताचं दूध कळतं. ती रडतेच, पण ताई सांगतात, मी गेटबाहेर पडले की दोन-चार मिनिटांत थांबते.

श्रावणात कानबाईच्या सणासाठी धाकट्या ताई चार दिवस गावी गेल्या. दीड महिना बसलेली घडी एका दिवसात मोडली, दुसऱ्या ताईच्या हातून वरणभातही खाईना. म्हणून तेव्हाच ठरवून घेतलं की सुट्टी असेल तर आठवडाभर आधी सांगायचं आणि दुसऱ्या ताईने आधीपासून भरवायला घ्यायचं. दिवाळीला याचा फायदा झाला.

सर्दी-खोकला पहिले तीन महिने पाठ सोडत नव्हता. तेव्हा रजा जपून ठेवल्या नसत्या तर कठीण होतं. माझी खरी तक्रार एकच. एकदा लवकर न्यायला गेले तर मुलांना मोबाईल दाखवून भरवत होते. मी त्याच दिवशी स्पष्ट बोलले. आता माझ्या समोर तरी दिसत नाही, पण मी अधूनमधून न कळवता जाते आणि जात राहीन. बाकी जेवण ताजं असतं, चार वाजता केळं असतं, आणि लेक आता घरीसुद्धा बाहुलीला गोधडीवर थोपटते.

पुन्हा ऊन तापायला लागलंय. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिला आठवडाभर आजीकडे नेणार आहे. परतल्यावर पहिले दोन दिवस जेवणापर्यंतच सोडायचं, असं ताईंशी आत्ताच बोलून ठेवलंय.