सागरी नकाशांच्या जुन्या प्लेटा: मांडवीजवळच्या दुकानातला माल

वडोदऱ्यात मांडवीजवळच्या एका जुन्या तांब्या-पितळेच्या दुकानात सध्या सागरी नकाशांच्या सात कोरीव प्लेटा विकायला आहेत. अशा कोरीव तांब्याच्या पत्र्यांत शाई भरून पूर्वी नकाशे छापत. (दुकानात 'प्लेट' असंच म्हणा, ताम्रपट मागितलात तर दानपत्र दाखवतील.) सातही दोनशे-तीनशे वर्षं जुन्या म्हणून सांगतात. आमच्या मते छपाईच्या अस्सल दोन, एक इलेक्ट्रोटाइप (विजेने तांबं चढवून काढलेली प्रत) आणि उरलेल्या चार भिंतीवर टांगायच्या.

त्या चारांपैकी तिघींवर गावांची नावं सरळ वाचता येतात. छपाईच्या प्लेटवर सगळं उलटं कोरलेलं असतं, आरशात धरल्यावरच लागतं. तेव्हा तिथेच विषय संपला. चौथीवर अक्षरं उलटी आहेत, पण दहापट भिंगाखाली रेषांचा तळ सपाट, खोली सगळीकडे सारखी आणि टोकं बोथट दिसतात. हे ॲसिडचं काम. ब्युरिनने, म्हणजे कोरायच्या टोकदार पोलादी हत्याराने, कोरलेली रेघ बारीक सुरू होते, मध्ये भरते आणि पुन्हा निमुळती होते. तिचा काप इंग्रजी 'व्ही'सारखा असतो. वजनही करून पाहा. ६० बाय ४५ सें.मी. आणि २ मि.मी. जाडीचं तांबं ४.८ किलोच्या आसपास भरतं. चौथी प्लेट याच मापाची असून निम्मीही भरत नाही.

अस्सल दोघींचं खरं वाचन पाठीमागून करावं. नवा सर्व्हे आला की कोरणारा जुनी खूण स्क्रेपरने खरवडायचा. तिथे खड्डा पडायचा. मग कॅलिपरने पाठीवर नेमकी तीच जागा शोधून हातोडीने तांबं वर ठोकायचं, बर्निशरने गुळगुळीत करायचं आणि खोलीचे नवे आकडे कोरायचे. एका प्लेटवर खंभातच्या आखाताचं तोंड आहे. या आखातात भरती-ओहोटीचा फरक १० मीटरपर्यंत जातो आणि वाळूच्या दांड्या जागा बदलतात. पाठीवरचे ठोके नेमके त्या दांड्यांमागेच दाटले आहेत, किनाऱ्यामागे जवळजवळ नाहीत. अशी पाठ नकलाकार बनवत बसत नाही.

त्याच प्लेटवरच्या चिठ्ठीत मात्र 'सन १७००' लिहिलंय, आणि खालच्या समासात ब्रिटिश ॲडमिरल्टीच्या (आरमार खात्याच्या) जलालेखन, म्हणजे सागरी नकाशांच्या, कार्यालयाचं नाव कोरलेलं आहे! ते कार्यालय १७९५ सालचं, त्याचा पहिला नकाशा १८०० सालचा. म्हणजे चिठ्ठी किमान शंभर वर्षांनी चुकली.

इलेक्ट्रोटाइप म्हणजे बनावट नव्हे. एकोणिसाव्या शतकात मूळ प्लेट झिजू नये म्हणून विजेच्या साहाय्याने तांबं चढवून प्रती काढत. पाठ दाणेदार असते. पण तिला कोरलेल्या प्लेटचा भाव लावणं बरोबर नाही, आणि दुकान तेच करतं.

सगळ्यात मोठी तक्रार सफाईची आहे. गिऱ्हाईक येण्याआधी प्लेट चिंच-मिठाने किंवा भांड्यांच्या पावडरने लखलखीत घासतात. देव्हाऱ्यातल्या तांब्याला ते ठीक. इथे रेषांच्या कडा गोल होतात, बारीक रेषा पुसट होतात आणि पावडर खोबणीत बसते. पहिले बळी जातात खोलीचे आकडे आणि किनाऱ्याची बारीक आडवी रेघ. 'न घासलेली, कळकलेलीच दाखवा' असं आल्याआल्या सांगावं. जुनी सुकलेली शाई टर्पेंटाइन आणि मऊ ब्रशने निघते, धीर हवा एवढंच.

छाप काढायचाच असेल तर इथल्या विद्यापीठाच्या ललित कला शाखेतून शिकलेला एखादा छापचित्रकार या शहरात सहज गाठता येतो. प्लेट किंचित गरम करावी, घट्ट शाई रेषांत दाबून भरावी, जाळीच्या कापडाने वरची पुसावी, ओलसर सुती कागद ठेवून ब्लँकेटखालून रोलरप्रेसमधून काढावी. कडा धारदार असतील तर ब्लँकेट आणि कागद दोन्ही कापले जातात, पण जुन्या प्लेटच्या कडा कानशीने घासायला मात्र कुणालाही देऊ नका. एक-दोन छाप पुरेत.

घेण्याआधी दुकानदाराकडे पुरावस्तू विक्रीचा परवाना आहे का, हे विचारा. १९७२च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या कोरीव वस्तू पुरावस्तूंत मोडतात. विकायला परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. पुण्या-मुंबईला नेताना अडचण नाही. फक्त दुकानात प्लेटा तोंडाला तोंड लावून रचतात, तसं बांधून देऊ देऊ नका. मध्ये बटर पेपर, दोन्हीकडे प्लायवूड.