आटे तुटले, रेझर बदलला आणि ब्लेडबद्दलचं मतही: वर्षभराहून जास्त वापरानंतरचा अनुभव

टोपी, ब्लेडखालची पट्टी आणि मूठ अशा तीन भागांचा सेफ्टी रेझर घ्यायच्या विचारात असाल तर ब्लेड कोणतं, ही चर्चा जरा बाजूला ठेवा. टोपीच्या आतून जो स्क्रू खाली येतो तो कोणत्या धातूचा आहे, एवढं आधी विचारा. विकणाऱ्याला सांगता आलं नाही तर तो रेझर घेऊ नका. इतकं ठामपणे सांगतोय, कारण माझा रेझर वर्ष-सव्वा वर्षात नेमका तिथेच तुटला. दिसायला तो आजही नवा आहे. क्रोम चकाकतंय, मुठीवरची नक्षी शाबूत आहे, खालच्या पट्टीवर एक ओरखडा नाही. पण पाच मिलिमीटर जाडीचा स्क्रू अर्ध्यात मोडून मुठीत अडकला आणि दीड हजाराची वस्तू एका क्षणात निकामी झाली.

मोडलेली जागा उन्हात नेऊन भिंगाखाली पाहिली. कडेला तांबूस रेघ, म्हणजे मुलाम्याखालचा तांब्याचा थर. आत राखाडी, रवाळ धातू. आणि एका बाजूला पाव भागात काळपट डाग. तो डागच सगळं सांगतो. तेवढ्या भागात चीर आधीपासून पडली होती, आत रोज पाणी आणि साबण मुरत होता, उरलेला भाग त्या दिवशी गेला. हा धातू म्हणजे झमाक, जस्तात सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम मिसळून केलेला. तो ४०० अंशांच्या आत वितळतो, त्यामुळे साच्यात दाबून हवा तो आकार झटपट आणि स्वस्तात काढता येतो. पितळाला ९०० अंशांच्या आसपास जावं लागतं. धातू वाईट नाही, जर्मनीतल्या सोलिंगेनच्या मर्कुरसारख्या नावाजलेल्या कंपन्यांच्या रेझरांची डोकीही झमाकचीच असतात आणि लोक ती वर्षानुवर्षं वापरतात. माझा आक्षेप डोक्याला नाही, स्क्रूला आहे. टोपी आणि स्क्रू एकाच ओतकामात काढायचे, आणि ज्या बारीक दांड्यावर सगळा ताण येतो त्याच्या आट्यांवर क्रोमचा पातळ मुलामा द्यायचा. रोज पिळून-सोडून तो मुलामा आट्यांच्या धारेवरून जाणारच. मग खालचं जस्त उघडं पडतं, आणि आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यात ते टिकत नाही. तिथे पोलादाचा वेगळा स्क्रू बसवला असता तर खर्च कितीसा वाढला असता?

कंपनीचं नाव लिहीत नाही. पण उत्तर काय आलं ते लिहितो, कारण ते इतरांनाही येईल. आधी फोटो मागवले. मग कळवलं, "अतिरिक्त कसल्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही." मी काळ्या डागाचा मोठा करून काढलेला फोटो पाठवला आणि विचारलं, की ज्या वस्तूला कसायला बोटांशिवाय दुसरं हत्यारच लागत नाही ती अतिरिक्त कसली कशी जाईल? त्यावर उत्तर आलं नाही, नव्या रेझरवर सवलतीचं कूपन आलं. नुसती टोपी विकत द्या म्हटलं, तर सुटे भाग विकत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तेव्हा कूपनची रक्कम वाढली. मी ते वापरलं नाही. ज्या स्क्रूवर विश्वास उरला नाही, तोच पुन्हा विकत घ्यायला सवलत कशाला हवी? तीन भागांच्या वस्तूचा एक भाग मोडला की तीनही टाकून द्यायचे, हे मला पटत नाही.

आता आनंदाची गोष्ट. पुण्यात मंगळवार पेठेजवळ बुधवार-रविवार जुना बाजार भरतो. तिथे एका चादरीवर कुलपं, नळाच्या तोट्या आणि घड्याळांच्या पट्ट्यांमध्ये एक काळवंडलेलं रेझरचं डोकं पडलेलं दिसलं. मूठ नव्हती. पट्टीच्या खाली 'जिलेट, मेड इन इंग्लंड' अशी अक्षरं. हे टेक नावाचं मॉडेल, १९३० च्या दशकाच्या अखेरीस आलं आणि पुढे कित्येक दशकं निघत राहिलं. टोपी उलटी करून आटे पाहिले. मुलामा गेलेल्या जागी पिवळं पितळ. घासाघीस करून शंभर रुपयांत ते घरी आणलं.

ते जुन्या मुठीला बसेल का, हा खरा प्रश्न होता. ओळखीच्या लेथवाल्या काकांकडे दोन्ही घेऊन गेलो. त्यांनी आधी मुठीतला मोडका तुकडा बारीक ड्रिलने पोखरून काढला, मग आट्यांना गेज लावलं. माझी मूठ मेट्रिक निघाली, ५ मिलिमीटर जाडी आणि ०.८ मिलिमीटरचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर. जुन्या जिलेटचे आटे इंचातले, एका इंचात ३२. हिशेब केला तर पिच ०.७९ मिलिमीटरला थोडा वर आणि जाडी ४.८३. इंग्लंडमधल्या जुन्या मापाचा स्क्रू आणि आजच्या मेट्रिक मापाची मूठ, दोन्हींत केसाएवढा फरक! डोकं मुठीत फिरलं, शेवटपर्यंत गेलं आणि घट्ट बसलं. "जरासं सैल आहे, पण याला काय गाडी ओढायचीय? आरामात चालेल," काका म्हणाले. पैसे घेतले नाहीत. मला त्या दिवशी जे समाधान वाटलं ते नव्या रेझरच्या खोक्याने कधी दिलं नव्हतं.

स्वच्छ करायला गरम पाणी, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश आणि शेवटी सर्जिकल स्पिरिट एवढं पुरलं. चिंच किंवा पितांबरी लावू नका, उरलासुरला मुलामा निघून जाईल.

आजचं ब्लेड इतक्या जुन्या डोक्यात बसतं, हेच या प्रकाराचं सगळ्यात मोठं बळ आहे. जिलेट कंपनीचा संस्थापक किंग कॅम्प जिलेट, त्याला या रेझरचं पेटंट मिळालं १९०४ मध्ये. त्याआधी १९०३ साली त्याचे जेमतेम ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं विकली गेली होती. ब्लेडच्या मधली लांब फट १९३० च्या सुमारास आली आणि तेव्हापासून माप जवळपास तेच राहिलं. पेटंट कधीच संपलं, म्हणून कोणीही ब्लेड काढतो आणि कोणाचंही कुठेही बसतं. कार्ट्रिजमध्ये, म्हणजे मुठीवर अडकवायच्या तयार ब्लेडच्या डोक्यात, हे होत नाही. तिथे मूठ ज्याची, पुढची सगळी वर्षं त्याचीच.

ब्लेडबद्दल मात्र माझं मत या वर्षात पार फिरलं. झमाकच्या रेझरमध्ये एक महागडं जपानी ब्लेड वापरलं होतं, एकाला चाळीसच्या वर रुपये पडतात ते. जबड्याखाली चिरा, मानेवर लाली, तुरटी फिरवताना डोळ्यांत पाणी. हे ब्लेड आपल्यासाठी नाही असं ठरवून उरलेलं पाकीट मेव्हण्याला देऊन टाकलं. टेकचं डोकं लागल्यावर सहज कुतूहल म्हणून त्यांच्याकडून एक परत मागितलं. तीच मान, तोच हात, तेच पाणी, आणि दाढी अशी झाली की दोनदा हात फिरवून पाहिला. उलट माझं आवडतं सर्वांत स्वस्त देशी ब्लेड, जे आधीच्या रेझरमध्ये छान चालायचं, ते टेकमध्ये हनुवटीवर केस ओढायला लागलं.

कारण समजून घेतलं तर सरळ आहे. ब्लेड सुमारे ०.१ मिलिमीटर जाड, नुसतं धरलं तर लवतं. टोपी आणि पट्टी त्याला वाकवून आवळतात तेव्हा ते ताठ होतं. धार टोपीबाहेर किती डोकावते आणि पट्टीपासून किती अंतरावर राहते, यावर रेझर सौम्य की आक्रमक ते ठरतं. टेकमध्ये धार फार थोडी बाहेर असते, म्हणून अति धारदार ब्लेडही तिथे अंगावर येत नाही, आणि बोथटसर ब्लेडला मात्र ती जागा पुरत नाही. तेव्हा अमुक ब्लेड चांगलं आणि तमुक वाईट असं कोणी सांगितलं तर आधी विचारा, रेझर कोणता? ते सांगितलं नसेल तर त्या मताचा तुम्हाला उपयोग नाही. सलूनवाल्याचा सल्लाही इथे लागू पडत नाही. तो ब्लेड कागदातच मोडून अर्धं वस्तऱ्यात घालतो आणि गिऱ्हाईक उठलं की फेकतो. त्याला पहिली दाढी महत्त्वाची. आपल्याला चौथी.

आणि चौथ्या दाढीतच खरं कळतं. माझ्या राठ दाढीला महागडं जपानी ब्लेड तीन दाढ्यांपर्यंत अप्रतिम, चौथीला एकदम उतरतं. सेव्हन ओ क्लॉकचं सुपर प्लॅटिनम पहिल्या दिवशी तितकं मुलायम नाही, पण दुसऱ्या दिवसापासून पाचव्यापर्यंत एकसारखं चालतं, आणि दोन्ही रेझरांत चाललं. पाच-सहा रुपयांचं ब्लेड, पाच दाढ्या. रुपयाच्या आसपास एक दाढी. माझ्या आधीच्या कार्ट्रिजचं एक नग दीडशेच्या पुढे जायचं आणि ते मी मन मारून महिनाभर ओढायचो. आता ब्लेड उतरलं असं वाटताक्षणी काढून टाकतो, जीव तुटत नाही. स्वस्ताईचा हा फायदा मला पैशांपेक्षा मोठा वाटतो, कारण उतरलेल्या ब्लेडवर जोर दिला की मानेची वाट लागते. सणासुदीला, लग्नकार्याला जपानी. एरवी सेव्हन ओ क्लॉक.

ब्लेड उतरतं म्हणजे नेमकं काय होतं, यावर २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या संशोधकांचा अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ, तरी धारेचे बारीक टवके उडतात. पोलाद सूक्ष्म पातळीवर सगळीकडे सारखं नसतं, आणि केस विशिष्ट कोनात त्या कमजोर जागी आला की धार तिथे तुटते. म्हणून जीन्सवर किंवा तळहातावर घासून धार परत येते हे मला पटत नाही, उडालेला टवका घासून कसा परत येणार? त्यापेक्षा केस भिजवा. मी अंघोळीनंतरच दाढी करतो, आणि आधी गरम पाण्यात पिळलेला पंचा दोन मिनिटं गालांवर धरतो. ब्लेड पुसायचं नाही, नळाखाली धरून झटकायचं.

पाण्याबद्दल एवढंच, की बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर साबणाचा फेस बसतो आणि पांढरा चोथा उरतो. ब्रश भिजवायला आणि फेस करायला कपभर आरओचं पाणी घ्या. क्रीम बदलण्यापेक्षा त्याने जास्त फरक पडला.

वापरलेली ब्लेडं मी कंडेन्स्ड मिल्कच्या रिकाम्या डब्याला वर फट पाडून त्यात टाकतो. कचऱ्यात सुटं ब्लेड टाकलं तर ते कोणाच्या तरी हातात घुसतं, आमच्याकडे ओला-सुका वेगळा करणाऱ्या ताई उघड्या हातांनी काम करतात. डबा भरला की फट चिकटपट्टीने बंद करून, वर 'ब्लेड' असं मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या हातात देणार आहे. घरात दाढी करणाऱ्या प्रत्येकाने एवढं करावं, ही कळकळीची विनंती.

नवा रेझर घेणाऱ्यांनी दुकानात टोपी फिरवून पूर्ण काढावी आणि स्क्रू बघावा. टोपीसारखाच क्रोम, टोपीशी एकसंध आणि हलका वाटला तर तो झमाक धरून चाला. वेगळा बसवलेला, खालून जोड दिसणारा पोलादी किंवा पितळी असेल तर दोन-तीनशे रुपये जास्त द्यायला हरकत नाही. हातात आधीच झमाकचा असेल तर दाढीनंतर तीन भाग सुटे करून वाळवा, आणि ब्लेड हलत नाही एवढंच कसा. जुन्या बाजारात शोधणार असाल तर लोहचुंबक नेऊ नका, पितळ आणि झमाक दोन्हींना तो चिकटत नाही. आटे पिवळे आहेत का बघा. खालची पट्टी सपाट काचेवर ठेवून डुगडुगते का पाहा. मग घरून नेलेलं एक ब्लेड आत घालून टोपी कसा आणि समोरून दोन्ही बाजूंची धार तपासा. एका बाजूला जास्त बाहेर दिसली तर पट्टी वाकलेली आहे, ती शंभरातही घेऊ नका.