वजन तेच, स्नायू पंचविशीतला की सत्तरीतला?

वजन उचलण्याच्या व्यायामाचा ताण स्नायूवर पडला की पंचविशीत आणि सत्तरीत साखळी एकच सुरू होते: स्नायूच्या तंतूंना ओढ जाणवते, पेशीतला एमटॉर मार्ग, म्हणजे वाढीचा हुकूम देणारी संदेशयंत्रणा, जागा होतो, नवी प्रथिने बांधली जातात. फरक प्रतिसादाच्या जोरात आहे. तरुण स्नायू थोड्या इशाऱ्यावर कामाला लागतो; म्हाताऱ्याला तेच दोनदा सांगावे लागते.

जेवणातही हेच दिसते. प्रथिनबांधणी कमाल पातळीवर न्यायला तरुणांना एका वेळी शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे 0.24 ग्रॅम प्रथिने पुरतात, वृद्धांना साधारण 0.4 ग्रॅम लागतात. शिवाय वयानुसार झिजतात ते मुख्यतः जलद तंतू, म्हणजे झटक्यात जोर लावणारे आणि वजन उचलल्याने सर्वाधिक फुगणारेच. त्यांच्याभोवतीच्या उपग्रह पेशी, म्हणजे स्नायूची डागडुजी करणाऱ्या मूळ पेशी, त्याही घटतात, त्यामुळे दुरुस्ती रेंगाळते. म्हाताऱ्या उंदरांच्या स्नायूंवर जादा भार टाकला तरी वाढ तरुण उंदरांपेक्षा कमीच भरते.

म्हणून सत्तरीत वजन उचलणे व्यर्थ? मुळीच नाही. 1990 मध्ये नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांनी आठ आठवडे पायांचा जड व्यायाम केला. शेवटपर्यंत टिकलेल्यांची ताकद सरासरी 174 टक्के वाढली, मांडीच्या स्नायूचे क्षेत्रफळ मात्र जेमतेम 9 टक्के. हा तफावतीचा आकडा मला सगळ्यात बोलका वाटतो: आकार मागे राहतो, ताकद नाही, कारण सुरुवातीची बरीचशी कमाई मज्जासंस्थेची असते. तरुणाने आरशात पाहावे हवे तर. सत्तरीतल्याने खुर्चीतून हात न टेकता उठता येते का, ते पाहावे.