सर्व्हास : फुकट मुक्कामापलीकडचा पाहुणचार

प्रवासाच्या आणि शिक्षणाच्या वाटेने परक्या समाजांची ओळख घडवणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत, पण त्यांतल्या बऱ्याचशा विद्यार्थ्यांसाठी असतात. ए.एफ.एस. ही विद्यार्थ्यांची देवाणघेवाण घडवणारी संस्था शाळकरी मुलांना काही महिने परदेशी कुटुंबात ठेवते. इरॅस्मस ही युरोपीय योजना १९८७ पासून मुख्यतः विद्यापीठांच्या आधाराने चालते. नोकरी करणाऱ्या किंवा निवृत्त झालेल्या माणसाला असा अनुभव हवा असेल, तर प्रवाशांना ठिकठिकाणच्या सदस्यांच्या घरी पाहुणे म्हणून राहण्याची सोय करून देणाऱ्या 'सर्व्हास इंटरनॅशनल' या संस्थेचे नाव मी सर्वांत आधी सुचवेन.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ साली, बॉब लुइटवायलर या अमेरिकी शांततावाद्याने डेन्मार्कमध्ये काही तरुणांना सोबत घेऊन हे काम सुरू केले. सामान्य माणसे एकमेकांच्या घरी राहिली, तर परक्याविषयीचा संशय कमी होईल, ही त्यामागची धारणा होती. आज संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेचा सल्लागार दर्जा आहे, आणि तरीही तिचे बहुतेक काम स्वयंसेवकच सांभाळतात.

सदस्य होऊ इच्छिणाऱ्या प्रवाशाची आधी मुलाखत होते. त्यानंतर त्याला परिचयपत्र मिळते, ज्यात तो स्वतःविषयी, कामाविषयी, येणाऱ्या भाषांविषयी आणि आवडीनिवडींविषयी लिहितो. हे पत्र भरताना घाई करू नये, असे मी आग्रहाने सांगेन, कारण अनोळखी यजमान दार उघडायचे की नाही हे बरेचसे त्यावरूनच ठरवतो. 'वाचन, प्रवास, संगीत' एवढ्यावर भागवलेल्या पत्रातून त्याला काहीच कळत नाही. उलट आपण काय शिकवतो, काय पिकवतो, कोणत्या प्रश्नाने अस्वस्थ होतो हे लिहिले, तर भेटीआधीच संभाषणाला सुरुवात झालेली असते.

मुक्काम साधारणपणे दोन रात्रींचा असतो आणि यजमान त्याचे पैसे घेत नाही. सदस्यत्वासाठी मात्र देशोदेशी वेगवेगळे शुल्क आकारले जाते. दोन रात्रींची ही मर्यादा मला या सेवेची सर्वांत शहाणी बाजू वाटते. पहिली संध्याकाळ औपचारिक चौकशीत जाते. दुसऱ्या संध्याकाळी भांडी विसळताना यजमान आपल्या म्हाताऱ्या आईवडिलांची काळजी कोण घेते, मुले घरापासून दूर का गेली, अशा गोष्टी मोकळेपणाने बोलू लागतो, आणि त्या देशातल्या कुटुंबव्यवस्थेविषयी तेवढ्या गप्पांतून जे कळते ते कोणत्याही मार्गदर्शकासोबतच्या सहलीत कळत नाही. रात्री ठेवून घेणे जमत नसेल, तर काही सदस्य दिवसभरातले काही तास देतात. तो पर्यायही कमी लेखू नये.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. होकार देण्याचे बंधन यजमानावर नसते, त्यामुळे प्रत्येकाला स्वतंत्रपणे आणि वेळेत लिहावे लागते, नकार पचवावा लागतो. सगळी व्यवस्था स्वयंसेवकांच्या सवडीवर उभी असल्याने मुलाखत आणि परिचयपत्र यांसाठी पुरेसा अवधी हाताशी ठेवावा. ज्याला दिवसभर स्थळे पाहून फक्त झोपायला परतायचे आहे, त्याने सरळ हॉटेल घ्यावे. यजमानाने खोली दिलेली असते ती सहवासाच्या अपेक्षेने, आणि तो वेळ न देणे हा त्याच्यावर अन्याय आहे. ज्यांच्याकडे असा वेळ आहे, त्यांनी मात्र प्रवासाची तारीख ठरण्याची वाट न पाहता आपल्या देशातील शाखेकडे अर्ज करावा, आणि शक्य असेल तर प्रवासी होण्याआधी यजमान म्हणून नाव नोंदवावे.