जुन्या पवनचक्कीत हिस्सा: जुलैचा कागद आणि संपलेला करार

साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांगच आहे. तिकडच्या एका जुन्या, १२५० किलोवॉटच्या मशीनमध्ये हिस्सा देतो म्हणून दलालाने धुळ्याच्या दोघा भावांकडून पैसे घेतले. मशीन खरं होतं, फिरतही होतं. गंडवलं ते कागदांवर.

पहिला कागद जुलैतल्या वीजनिर्मितीचा, ४ लाख युनिटचा. त्याला १२ने गुणून दलालाने वर्षाचे ४८ लाख युनिट सांगितले. आता खानदेशात वारा असतो तो पावसाळ्यात. दिवाळीनंतर कित्येक दिवस पाती नावालाच फिरतात. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की त्यातली ताकद आठवा हिस्सा उरते. हे मशीन वर्षभर पूर्ण क्षमतेने चाललं तरच १ कोटी साडेनऊ लाख युनिट होतात. एवढ्या जुन्या मशीनने त्याचे १८-२० टक्के दिले तरी गंगेत घोडं न्हालं, म्हणजे वर्षाला २० लाख युनिटच्या आसपास.

शिवाय तो आकडा होता मशीनच्या स्वतःच्या कंट्रोलरच्या स्क्रीनवरचा. पैसे मिळतात सबस्टेशनच्या संयुक्त मीटर रीडिंगवर, म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून घेतलेल्या नोंदीवर. मधली लाइनची गळती वजा होते, रिअॅक्टिव्ह विजेचा (मशीन ग्रिडमधून ओढतं, पण जिचं काम होत नाही ती) आकार वेगळा. मागायची ती महावितरणची क्रेडिट नोट, म्हणजे महिन्याला किती युनिट जमा धरले त्याचा कागद, सलग ३६ महिन्यांची. एखादा महिना गहाळ असेल तर तोच आधी विचारा.

खरी मेख दरात. वीज नियामक आयोगाच्या २००३च्या आदेशात पहिल्या वर्षी युनिटला ३.५० रुपये, दरवर्षी १५ पैसे वाढ आणि १३ वर्षांची मुदत होती. तेराव्या वर्षी हा दर ५.३० होतो, दलालाने पुढच्या सगळ्या वर्षांना तोच लावला. या दराचा वीजखरेदी करार तर केव्हाच संपला होता.

देखभालीच्या करारात ९५ टक्के उपलब्धतेची हमी, म्हणजे तेवढा वेळ मशीन चालायला तयार असेल, हे ऐकायला छान. उरलेले ५ टक्के म्हणजे १८ दिवस. गिअरबॉक्सचं बेअरिंग जुलैत गेलं आणि चिखलातून क्रेन वर चढली नाही, तर हमी मोडत नाही, पण हंगाम बुडतो. ग्रिड बंद असलेले तास तर हमीत सहसा धरतच नाहीत.

जागेचा सातबाराही बघा. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर महसूल संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते.

भावांकडे नोटरी केलेला स्टॅम्पपेपर आहे. त्यात गट नंबर नाही, मशीनचा नंबर नाही. महावितरणच्या दप्तरी मालक तिसराच. आर्थिक गुन्हे शाखेकडे अर्ज दिलाय, पण रोख दिलेल्या रकमेची पावतीच नाही.